मिरचीचं, दर्याचं आणि माझं विशेषण

आमच्या घरात मुलींसाठी दोनच विशेषणं होती, गरीब आणि आगाऊ. जिला मान खाली घालून चालता येतं आणि ताटात पडेल ते मुकाट गिळता येतं ती गरीब, बाकीच्या सगळ्या आगाऊ. अधलंमधलं काही नव्हतं. लग्नाच्या बोलण्यात ‘मुलगी अगदी गरीब हाय हो’ असं कुणी म्हटलं की समोरच्या मंडळींचे चेहरे खुलायचे, जणू काही त्यांना दुभती गाय मिळाली. माझ्याबद्दल ते वाक्य कुणाच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. मी बोलायला लागले तेव्हापासूनच आगाऊ होते. आगाऊ का, हे विचारायची सोय नव्हती, कारण ‘का’ विचारणं हाच माझ्यातला मुख्य आगाऊपणा होता. ही विशेषणं वाटायचं काम आत्याकडे असे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, दादांची, थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. तेव्हापासून घर तिच्या शब्दावर चालत होतं. दादा तिच्यापुढे बोलत नसत. आई तर तिच्यापुढे चुलीतलं लाकूडसुद्धा आवाज न करता सरकवायची.

पालघरजवळच्या माहीमच्या खाडीकाठी आमची पानवेलीची वाडी होती. पांगाऱ्याच्या खोडांवर चढवलेल्या वेलींच्या रांगा, वर केळीची आणि माडांची सावली. भर दुपारीसुद्धा आत शिरलं की थंडगार ओलसर अंधार आणि पानांचा तो किंचित तिखट वास. त्या वाडीत चप्पल घालून जायचं नाही, थुंकायचं नाही, मोठ्याने शिवी द्यायची नाही. दर काही दिवसांनी पानं खुडली जायची. मग पडवीत आम्ही बायका पानं निवडायला बसायचो. फाटकं पान, डागाळलेलं पान बाजूला काढायचं, चांगल्याच्या चळती लावायच्या, केळीच्या सोपटाने बांधून करंड्या भरायच्या. बैलगाडीने करंड्या पालघर स्टेशनवर जायच्या आणि तिथून कुठे कुठे, ते दादांनाच ठाऊक. वाडीच्या कोपऱ्यात उंडीच्या झाडाखाली शेंदूर फासलेला एक पाषाण होता. ती वाडीची आई. आमची आणि शेजारच्या वाडीवाल्यांची मिळून ती एकच देवी. ‘आमची आई कडक हाय,’ असं आत्या हात जोडून अभिमानाने सांगायची. आईला शिवाशिव चालत नाही, कावळा शिवलेल्या बाईने वेलीच्या सावलीतसुद्धा जायचं नाही, गेली तर वेल जळते. हे मला समजायच्या आधीपासून पाठ होतं. देवी कडक असली की तिला नारळ मिळतो आणि मुलगी कडक असली की तिला चापट, ही गोष्ट मला लहानपणीच खटकली होती. मी ती बोलूनही दाखवली आणि चापट खाल्ली.

सातवीनंतर माझी शाळा संपायचीच, पण तारापूरची मावशी धावून आली. मावशीला मूलबाळ नव्हतं आणि काकांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, भाजीपाल्याचा व्याप मोठा होता. ‘सोबतीला पोर दे, तिकडच्या शाळेत घालते,’ असं तिने आईला सांगितलं आणि आत्या नको म्हणेपर्यंत मला घेऊन गेलीसुद्धा. त्या दिवसांत बोईसरपासून समुद्रापर्यंत सगळीकडे धूळ उडत होती. समुद्रकाठी अणुविजेचं बांधकाम चाललं होतं. कुठून कुठून माणसं आली होती, रस्त्यावर हिंदी ऐकू यायची, सुरुंग उडवायच्या आधी कुणीतरी ‘हटो, हटो’ ओरडत पळायचं आणि मग मावशीच्या मांडणीवरची पितळी भांडी किणकिण वाजायची. मावशी प्रत्येक सुरुंगाला एक शिवी द्यायची. पण त्याच बांधकामामुळे काकांचा भाजीपाला परदेशी लोकांच्या वसाहतीत जाऊ लागला होता, त्यामुळे तिची शिवी जरा सौम्य असायची. रविवारी काकांबरोबर टोपली घेऊन मी त्या वसाहतीत जायची. तिथे मला रूपाबाई भेटली.

तिचं खरं नाव लुपे. मावशीने पहिल्याच दिवशी तिची रूपाबाई केली आणि तिनेही ते हसून मान्य केलं. ती अमेरिकेच्या दक्षिणेकडची, समुद्रकाठची, मासेमारी करणाऱ्या घरातली. तिचा नवरा पाइप जोडणाऱ्यांचा फोरमन होता. वसाहतीतल्या इतर मडमा दारातच भाजी घेऊन दार लावायच्या. ही मला आत ओढायची आणि स्टुलावर बसवायची. रंगाने ती माझ्या मावशीपेक्षा जरा उजळ, बस. केस काळेभोर, तेल लावून बांधलेले. तिच्या घरात साहेब लोक आले की इंग्रजी चालायचं आणि भांडायला, रडायला, स्वयंपाक करायला स्पॅनिश. माझं इंग्रजी शाळेतलं, तिचं हिंदी आयाकडून उचललेलं. आमचं निम्मं बोलणं हातांनीच व्हायचं. एकदा ती मावशीकडे आली तेव्हा मावशी तांदळाची भाकरी थापत होती. दोन्ही तळहातांत भाकरी फिरवत मावशी टप टप टप आवाज करते, तो ऐकून ही उंबऱ्यातच थबकली. तिच्या आईच्या घरी सकाळ याच आवाजाने व्हायची म्हणे. मग काही न विचारता ती चुलीपुढे फतकल मारून बसली, पिठाचा गोळा घेतला आणि टप टप सुरू केलं. तिची भाकरी आमच्यापेक्षा लहान झाली, पण फाटली नाही. मावशीने त्या दिवसापासून तिला परकी म्हणणं सोडून दिलं.

तो शब्द मला मिरचीमुळे मिळाला. काकांच्या मळ्यातल्या बुटक्या लवंगी मिरच्या टोपलीत होत्या. रूपाबाईने एक उचलून कच्चीच चावली. डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं, तिने टेबलावर थाप मारली आणि ओरडली, “ब्रावो! चिले ब्रावो!” शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक संपल्यावर मास्तर ‘ब्राव्हो’ म्हणायचे, तेवढं मला माहीत. मला वाटलं, आमच्या मिरचीची तारीफ चाललीय. मी खूश होऊन मान डोलावली. ती जोरात हसली आणि खिडकीतून फाटकाकडे बोट दाखवलं. तिथे पहारेकऱ्याचा पिवळा कुत्रा साखळीला हिसडे देत येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकत होता. “पेरो ब्रावो,” ती म्हणाली. म्हणजे मिरचीही ब्रावो आणि कुत्राही ब्रावो. पुढच्या रविवारी तिचा नवरा आदळआपट करत घरात शिरला, तशी तिने माझ्या कानात सांगितलं, तो आज ब्रावो आहे, तू मागच्या दाराने जा.

मी त्या शब्दाच्या मागेच लागले. दर रविवारी काहीतरी दाखवून विचारायची, हे ब्रावो का? बैल? शिंगं उगारणारा असेल तर ब्रावो, तुमच्या काकांचा तो झोपाळू बैल नाही. रानातलं कबूतर? ब्रावो, कारण ते कुणी पाळलेलं नाही. भेंडी? यावर ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. एका संध्याकाळी आम्ही दोघी किनाऱ्यावर गेलो होतो. पावसाळ्याचे दिवस, लाटा खडकांवर आदळून वर उडत होत्या, तोंडावर खारे तुषार येत होते. तिने चपला हातात घेतल्या आणि कुणीतरी घरचं माणूस ओळखावं तसं म्हणाली, “ला मार ब्रावा.” मिरचीला ब्रावो आणि समुद्राला ब्रावा. आपल्या चांगला-चांगलीसारखा तो शब्दही ज्याच्यासोबत येईल त्याच्याप्रमाणे बदलत होता, फक्त सगळं उलटं. आमच्याकडे मिरची बाई आणि दर्या बाप्या, त्यांच्याकडे मिरची बाप्या आणि दर्या बाई. निदान कोळ्यांच्या घरी तरी दर्या बाईच, असं तिने सांगितलं, शहरातले लोक काय वाटेल ते म्हणोत.

मग मी तिला विचारलं की बाईला ब्रावा म्हणतात का. तिची आई ब्रावा होती, म्हणाली. ती रागावली की सगळे म्हणायचे, आज आई ब्रावा आहे, आणि पोरं खाटेखाली लपायची. दलालाने मासळीचं वजन मारलं तेव्हा आई त्याच्या दुकानात शिरली होती, तेव्हाही लोक म्हणाले, ब्रावा. आणि ती वारली तेव्हा शवपेटीशेजारी उभं राहून म्हाताऱ्या कोळ्यांनी तेच म्हटलं, टोपी काढून. शब्द एकच, शिवीचाही आणि मानाचाही, आणि बोलणाऱ्याला त्यात काही चुकीचं वाटत नाही. मी घरी परतताना रस्ताभर त्याच विचारात होते. आमच्याकडे मिरची तिखट, कुत्रा चावरा, दर्या खवळलेला, देवी कडक. आणि मुलगी? मुलगी आगाऊ. बाकी सगळ्यांना त्यांच्या जोरासाठी शब्द मिळाला होता, मला तेवढा टोमणा.

आता माझी नात फोनमध्ये तो शब्द शोधून मला त्याचे अर्थ वाचून दाखवते. शूर, रानटी, रागीट, खवळलेला, तिखट. आजी, यातला नेमका कुठला, असं विचारते. मी तिला सांगते की सगळे, एकदम, आणि फोन बाजूला ठेव.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला मी माहीमला घरी आले होते. आले आणि दुसऱ्याच दिवशी कावळा शिवला, म्हणजे मागच्या पडवीत बसणं आलं. चटई वेगळी, तांब्या वेगळा, कुणाला शिवायचं नाही. पडवीतून वाडी समोर दिसत होती आणि पलीकडे खाडीचा बांध. आत आई नारळी भात करत होती, गूळ वितळल्याचा आणि लवंगांचा वास येत होता. ताटात पडल्याशिवाय त्या भाताला हात लावायची मला परवानगी नव्हती. दादा सकाळीच त्यांच्या एका कोळी मित्राकडे होड्यांच्या पूजेला गेले होते, वाडीतले झाडून सगळे पुरुष तिकडेच. लांबून बाजा ऐकू येत होता. आदल्या संध्याकाळी आत्याने एक गोष्ट माझ्या कानावर घातली होती. शिरगावचं एक स्थळ चालून आलंय, मोठी वाडी, एकुलता मुलगा. तारापूरला हे वर्ष पुरं करायचं की नाही ते बघू, म्हणाली. मला मॅट्रिक व्हायचं होतं. त्या दिवसांत मला दुसरं काही दिसतच नव्हतं. शिरगावचा तो मुलगा अगदी राजबिंडा असता तरी मला नको होता.

आमच्या बांधात एक लाकडी झडप बसवलेली होती. तिला आमच्याकडे उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की वाडीत साचलेलं पावसाचं पाणी झडप ढकलून खाडीत जातं आणि भरती आली की खाडीचंच पाणी झडप दाबून बंद करतं. फार पाऊस झाला की माणसं ओहोटीला झडपेत बांबूचा तुकडा अडकवून ती उघडी ठेवतात, पाणी लवकर निघावं म्हणून. भरतीच्या आधी मात्र तो बांबू आठवणीने काढावा लागतो. त्या सकाळी बांबू दादांनीच अडकवला होता, मी पडवीतून पाहिलं होतं. आणि तो न काढताच ते नव्या धोतराचा काष्टा मारून पूजेला निघून गेले होते. पौर्णिमेचं उधाण भर दुपारी चढतं. सूर्य माथ्यावर आला, तेव्हा मला वाडीच्या खालच्या अंगाला पाणी चकाकताना दिसलं. पाणी आत येत होतं, आणि ते पावसाचं नव्हतं. पानवेलीला खारं पाणी लागलं की ती मरते. पुढची काही वर्षं त्या जमिनीत दुसरी वेलही नीट धरत नाही.

मी उठून उभी राहिले. “आत्या, उघाडी उघडी हाय, पाणी भरतंय!” आत्या पुढून आली, पाणी पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिचे गुडघे धरलेले, तिला बांधापर्यंत जाणं जमणार नव्हतं. “पोरांना हाक मार कुणाला तरी,” ती म्हणाली, पण हाक मारायला कुणी नव्हतंच, सगळे बाजाच्या मागे. मी पायरी उतरले तशी ती किंचाळली. “खबरदार! तू बाहेरची हायेस. वेलीतनं जाव नको. आई जाळून टाकील!” बांधाकडे जायची वाट वेलींच्या रांगांमधूनच होती. दुसरी वाट तिवरांच्या चिखलातून, त्या वाटेने गेले असते तर वाडी बुडून झाली असती. तेवढ्यात मागचं दार वाजलं. आई उंबऱ्यात उभी होती, हातात कोयता. ती माझ्याकडे आली, थबकली, कोयता माझ्या पायांपुढे जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली. मला शिवायचं नव्हतं ना. त्या घाईतही तिने तो नेम पाळला आणि तरी कोयता दिला. माझी आई मला सगळ्यात जास्त कळली ती त्या क्षणी, आणि आजही तिच्यावर राग येतो तोही त्याच क्षणाचा.

मी कोयता उचलला आणि वेलींमधून पळत सुटले. पानं तोंडावर आपटत होती, पायाखाली गार माती, मग गार चिखल, मग पाणी. बांधाशी पोहोचले तेव्हा झडपेतून खाडी घोंघावत आत येत होती. मी कमरेपर्यंत पाण्यात उतरले. बांबू पाण्याच्या जोराने घट्ट बसला होता, हाताने हलेना. मग कोयत्याची पाठ त्यावर हाणत राहिले. तोंडात खारं पाणी जात होतं आणि मी मोठमोठ्याने शिव्या देत होते, ज्या वाडीत कधी द्यायच्या नसतात त्याच. एका घावासरशी बांबू निसटला आणि झडप धाडकन मिटली. माझी डावी करंगळी तिच्यात सापडली. नख तिथेच राहिलं. पुन्हा जे आलं ते वाकडंच आलं, आजही ते तसंच आहे. पाणी थांबलं. मी बांधावर बसून करंगळी धरून रडले आणि रडता रडता हसलेही, कारण पलीकडे समुद्राकडे बाजा जोरात वाजत होता आणि सगळे पुरुष दर्याला नारळ देऊन ‘शांत हो’ म्हणत होते.

खालच्या अंगाच्या वेली आठवड्याभरात पिवळ्या पडल्या. आमच्या आणि शेजाऱ्यांच्याही, कारण पाणी वाटा शोधत दोन्हीकडे गेलं होतं. बाकी सगळी वाडी हिरवीगार राहिली. पण हिरवं कोण बघतो! आत्याने पिवळ्या वेली बघितल्या आणि निकाल दिला, पोरीचा विटाळ वेलीला लागला. शेजारच्या बायका आल्या, त्यांनीही माना हलवल्या. आई कोपलीय, प्रायश्चित्त व्हायला हवं, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात सगळंच जाईल. मंगळवारी सगळ्या वाडीवाल्यांसमोर मी देवीपुढे नारळ ठेवायचा आणि ‘आई, माझं चुकलं’ म्हणायचं, असं ठरलं. “नाय म्हणालीस तर तारापूर बंद,” आत्या म्हणाली. “शिरगावकरांना मी निरोप पाठवते.” मी दादांकडे पाहिलं. ते सुपारी कातरत होते आणि अडकित्त्यावरून त्यांनी नजर वर केली नाही. बांबू कुणी ठेवला होता ते त्या घरात मला माहीत होतं आणि त्यांना. मी ते बोलले असते तर एका वाक्यात सुटले असते. पण ते वाक्य माझं नव्हतं, त्यांचं होतं. ते त्यांनीच म्हणावं असं मला वाटत होतं आणि ते म्हणत नव्हते. मला त्यांची इतकी चीड आली होती की त्या आठवड्यात मी त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नाही.

मंगळवारपर्यंत मी एक युक्ती शोधून काढली. देवीपुढे उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि ओठांतल्या ओठांत रूपाबाईचा शब्द म्हणायचा. आई, तू ब्रावा, मीही ब्रावा. ऐकणाऱ्यांना वाटेल, पोरीने क्षमा मागितली. आत्या खूश, शाळा शाबूत आणि खोटंही बोलायला नको. मला स्वतःची अक्कल फार आवडली होती. अंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून, हातात नारळ घेऊन मी उंडीच्या झाडाखाली गेले तेव्हा मनात तेच घोळत होतं. शेजारच्या बायका गोल करून उभ्या होत्या, मागे पुरुष. ताज्या शेंदराचा वास येत होता. आत्या माझ्या खांद्याला खांदा लावून उभी. “म्हण,” ती म्हणाली. मी डोळे मिटले आणि शब्द ओठांवर आणला. आणि तो बाहेर येईना. मला ते म्हातारे कोळी दिसले, रूपाबाईच्या आईच्या शवपेटीशेजारी टोपी काढून उभे असलेले. तो शब्द असा चोरून पुटपुटायचा नव्हता. जिला त्याची लाज वाटते तिने तो घेऊच नये. मी डोळे उघडले आणि शुद्ध आपल्या भाषेत, खालच्या वेलीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, “मी चुकले नाय. परत पाणी आलं तर मी परत जाईन. बाहेरची असले तरी जाईन.”

कुणीतरी ‘अगं बाई’ म्हटलं. आत्याने माझा दंड धरला, तिची नखं रुतली. “बघा,” ती सगळ्यांना म्हणाली, “ही अशी. एकटीच्या हट्टाने गेली, कुणाचं ऐकलं नाय.” तेव्हा मागून एक आवाज आला. इतका बारीक की पहिल्यांदा तो कुणाचा आहे ते मला कळलंच नाही. “कोयता मी दिला,” आई म्हणाली. माझी आई, जी चुलीतलं लाकूड सरकवताना आवाज करत नसे. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती डोक्यावरचा पदर सारखा करत होती, पण मागे हटली नाही. आत्याचा हात माझ्या दंडावर सैल झाला.

मग दादा पुढे आले. त्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला, देवीपुढच्या दगडावर आपटला, पाणी पाषाणावर सांडलं आणि पाठमोरेच म्हणाले, “उघाडीत बांबू मी ठेवला होता. काढायला विसरलो. चूक माझी हाय, तिची नाय.” एवढंच. वळून ते सरळ घराकडे निघून गेले. उरलेलं खोबरं कुणी वाटायचं ते कुणाला कळेना. शेवटी शेजारच्या एका बाईने ते उचललं आणि प्रसाद म्हणून सगळ्यांच्या हातावर ठेवलं. माझ्याही.

लोक मला आता सांगतात, त्या वेळचा काळच तसा होता, आत्याचा तरी काय दोष. काळ आमच्या पडवीत कधी आला नव्हता, आत्या आली होती. मी तिला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण पुढची गोष्ट सांगितली नाही तर तिच्यावर अन्याय होईल.

मी तारापूरला निघायच्या आदल्या दिवशी शिरगावच्या त्या मुलाचे वडील, मोठे गृहस्थ, स्थळाची बोलणी करायला स्वतःच आले. आत्याने निरोप पाठवला नव्हता, थांबवलंही नव्हतं. मी आतल्या खोलीत पिशवी भरत होते. दादांनी पान पुढे केलं, हवापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मग गृहस्थांनी नेहमीचा प्रश्न टाकला, मुलगी कशी हाय, गरीब हाय ना? मी पिशवी खाली ठेवली. दादा काही बोलायच्या आधी आत्याचा आवाज आला, मिरची चावल्यासारखा. “गरीब नाय. आधीच सांगते, मागनं आमच्या नावानं बोटं मोडू नका. आमची मुलगी गरीब बिलकूल नाय. मॅट्रिक होऊ दे तिला, मग पटलं तर या.” ती रागाने म्हणाली की अभिमानाने, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. तिलाही सांगता आलं असतं असं वाटत नाही. गृहस्थांनी पान तोंडात टाकलं, दोन्ही हात जोडले आणि निघाले. परत कधी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे दादा मला बैलगाडीने पालघरला सोडायला आले. वाटेत फक्त एवढं म्हणाले की दिवाळीला घरी येशील तेव्हा उघाडी तूच बघ. भरती काही कोण बाहेरची आहे ते बघून येत नाही.

रविवारी टोपली घेऊन मी वसाहतीत गेले. रूपाबाईने आधी माझी करंगळी पाहिली. मला वाटलं होतं ती शाबासकी देईल, तसं काही झालं नाही. औषध लावताना ती तिच्या भाषेत इतकी चिडून बोलत होती की मला अर्थ कळला नाही तरी कुणाला उद्देशून ते कळत होतं. मग तिने पट्टी बांधली, स्टुलावर बसवलं, समोर गरम भाकरी आणि ठेचा ठेवला आणि सगळं सांगायला लावलं. मी सांगितलं, हातांनी, इंग्रजीने, हिंदीने, जमेल तसं. झडप कशी मिटली, आई काय म्हणाली, नारळ कसा फुटला. ती मध्ये एकदाही हसली नाही.

“और वो बूढ़ी? तेरी आंट?” शेवटी तिने विचारलं. “वो क्या बोली?”

मी भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला. ‘गरीब नाय’ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, हिंदीतही नाही. पण तिच्या भाषेतला शब्द मला पक्का माहीत होता.

“वो बोली,” मी म्हणाले, “ब्रावा.”